विजयदुर्गची ती दुपार

कोकणात फिरून आलेल्या कुणालाही विचारा, 'विजयदुर्ग बघितला का?' दहातले सात जण म्हणतात, 'हो हो, मालवणचा ना? बोटीतून जावं लागतं तो!' नाही बॉस. तो सिंधुदुर्ग. विजयदुर्ग म्हणजे त्याच्या बराच उत्तरेला, देवगड तालुक्यात, वाघोटणच्या खाडीच्या तोंडाशी. इथे स्कूबा डायव्हिंग नाही, बनाना राइड नाही, 'सी-फेसिंग' रिसॉर्टची रांग नाही. मुंबई-गोवा हायवेवर तळेऱ्याला उजवीकडे वळायचं आणि पन्नासेक किलोमीटर वळणं घेत राहायचं. रस्ता संपतो तिथे किल्ला सुरू होतो.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात हाही आहे. त्या आठवड्यात ऑफिसमधल्या प्रत्येकाच्या फोनवर अभिमानाचे फॉरवर्ड फिरत होते. 'पूर्वेकडचं जिब्राल्टर', 'शेवटपर्यंत अजिंक्य' वगैरे. आमच्या टीममधला एक जण आहे, त्याला प्रत्येक गोष्टीत 'पण' घालायची सवय. त्याने कॅन्टीनमध्ये विचारलं, 'अजिंक्य होता, तर इंग्रजांनी घेतला कसा?'

सगळे गप्प. चहा संपला, प्रश्न राहिला. तर आजचा कॉलम त्या प्रश्नाला.

आधी किल्ल्याविषयी थोडं. शिलाहार राजा दुसरा भोज याने बाराव्या शतकाच्या अखेरीस हा बांधला असं मानतात. पुढे तो आदिलशाहीत गेला आणि तिथून शिवाजी महाराजांनी घेतला. जवळच्या गिर्ये गावावरून त्याला घेरिया म्हणत, इंग्रजांच्या कागदांत शेवटपर्यंत हेच नाव आहे. महाराजांनी त्याला एकाआत एक अशी तिहेरी तटबंदी दिली. तीन बाजूंना पाणी आणि चौथ्या बाजूला खंदक होता. आज तो खंदक बुजलाय आणि त्यावरूनच आपण गाडी नेतो.

पण खरी गंमत खाडीत आहे. मोठं गलबत आत शिरलं की वाऱ्यापासून सुरक्षित, आणि पाठलाग करणाऱ्या जड युरोपियन जहाजाला गाळाची भीती. गिर्येच्या बाजूला खडक फोडून केलेली आरमारी गोदी आहे, साधारण साडेतीनशे फूट लांब. ओहोटीला बघितलीत तर लक्षात येतं की हा नुसता किल्ला नव्हता. जहाजं बांधायची, डागडुजी करायची, पावसाळ्यात ठेवायची पूर्ण सोय होती. आजच्या भाषेत, फ्रंट ऑफिस किल्ला आणि बॅक ऑफिस खाडी! किल्ल्याच्या पश्चिमेला समुद्राखाली भिंतही आहे, सुमारे १२० मीटर लांब. पाणबुड्यांनी खाली जाऊन ती मोजली आहे. तिच्यावर आपटून शत्रूची जहाजं फुटायची, हे किल्ल्यावर प्रत्येक जण ऐकवतो. ऐकायला झकास वाटतं. पण पुढची कहाणी बघितली तर जाणवेल की ज्या दिवशी खरी गरज होती, त्या दिवशी भिंत कामी आली नाही.

आता आंग्रे. कान्होजी आंग्रे मराठ्यांचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख. इंग्रजांनी त्यांना आणि त्यांच्या मुलांना सरळ 'पायरेट' ठरवलं, चाचे. हॉलिवूडवाल्यांनी समुद्री चाच्यांना इतकं ग्लॅमर दिलंय की हल्ली आपल्यालाही त्यात काही वाटत नाही, उलट 'कूल' वाटतं. पण हिशेब नीट मांडा. समुद्रात व्यापार करायचा तर परवाना घ्यायचा, ही पद्धत पोर्तुगीजांनी आधीच चालू केली होती. ते त्याला 'कार्ताझ' म्हणत. आपल्याकडे त्याला दस्तक म्हणत. दस्तक घ्या, पैसे भरा, सुखाने जा. नाही घेतलंत तर जहाज जप्त. इंग्रज स्वतःही परवाने विकत होतेच. भांडण टोलचं होतं आणि टोलनाका कुणाचा याचं होतं. आपला तो अधिकारी, दुसऱ्याचा तो दरोडेखोर.

आणि आंग्र्यांचा नाका चालायचा जोरात. दोन-तीन डोलकाठ्यांची गुराबं आणि वल्ह्यांची छोटी गलबतं, हा त्यांचा सेट. वारा पडला की मोठं इंग्रजी जहाज जागच्या जागी खिळून बसायचं. मग चाळीस-पन्नास वल्ही मारत ही गलबतं गुराबांना ओढून न्यायची, ती नेमकी जहाजाच्या मागच्या बाजूला, जिथे तोफा कमी. ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या मर्सिडीजला बाइकवाल्यांनी घेरावं तसं! १७३५ मध्ये संभाजी आंग्र्यांनी कंपनीचं सोनं घेऊन मुंबईकडे येणारं 'डर्बी' हे जहाज असंच धरलं.

इंग्रजांनी प्रयत्न केले नाहीत असं नाही. १७१७-१८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने आरमार पाठवलं, फुकट गेलं. १७२० मध्ये पुन्हा, या वेळी 'फ्राम' नावाचा एक तरंगता तोफखाना खास बांधून. तोही फुकट. १७२४ मध्ये डच आले, तेही हात हलवत गेले. तेव्हा 'अजिंक्य' हा शब्द फॉरवर्डवाल्यांनी हवेतून काढलेला नाही. तीस-बत्तीस वर्षं तो खराच होता.

मग बिघडलं कुठे? घरात. (हे वाक्य मराठी इतिहासावरच्या कुठल्याही लेखात चालतं, काय करणार!)

कान्होजी १७२९ मध्ये गेले. मुलांमध्ये वाटणीचं भांडण लागलं. पहिले बाजीराव पेशवे मध्ये पडले आणि १७३५ मध्ये दौलतीचे दोन भाग झाले. कुलाब्याला मानाजी, विजयदुर्गला संभाजी. एक आरमार होतं, त्याची दोन झाली, आणि ती एकमेकांवर डोळे वटारून बसली. संभाजीनंतर विजयदुर्गला आला सावत्र भाऊ तुळाजी.

तुळाजी हा माणूस मला फार इंटरेस्टिंग वाटतो. दर्यावर निष्णात. १७४९ मध्ये इंग्रजांचं 'रिस्टोरेशन' नावाचं लढाऊ जहाज त्याने पकडलं आणि स्वतःच्या ताफ्यात लावलं. हे जहाज लक्षात ठेवा, पुढे येणार आहे. १७५४ मध्ये डचांच्या जहाजांची वाट लावली. पण जमिनीवर त्याचं कुणाशीही पटेना. पेशव्यांना खंडणी देईना, त्यांची सत्ता मानेना, शेजारच्या सगळ्यांच्या मुलखात घुसे. प्रत्येक ऑफिसात असा एक स्टार परफॉर्मर असतो. नंबर्स जबरदस्त, पण रिपोर्टिंग करणार नाही, मीटिंगला येणार नाही, दुसऱ्या टीमचे क्लायंट पळवणार. बॉस काय करतो? चांगला बॉस मार्ग काढतो. घाईतला बॉस बाहेरची एजन्सी बोलावतो.

नानासाहेब पेशव्यांनी एजन्सी बोलावली. आणि तीही कुठली? ईस्ट इंडिया कंपनी.

१९ मार्च १७५५. पेशव्यांच्या वतीने रामाजी महादेव आणि मुंबईकर इंग्रज यांच्यात तह झाला. दोघांनी मिळून तुळाजीला संपवायचं. समुद्रावरचं काम इंग्रजांचं, जमिनीवरचं मराठ्यांचं. एप्रिलच्या सुरुवातीलाच कमोडोर विल्यम जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. या जेम्ससाहेबाच्या बायकोने तो वारल्यावर लंडनमध्ये एका टेकडीवर १७८४ साली स्मारकाचा बुरुज उभारला. नाव, 'सेव्हर्नड्रूग कॅसल'. म्हणजे आपला सुवर्णदुर्ग! आजही उभा आहे. लंडनला पोस्टिंग मिळालेल्यांनी वीकेंडला चक्कर टाकायला हरकत नाही.

विजयदुर्गसाठी मात्र इंग्रजांना आणखी ताकद हवी होती, आणि ती आयती मिळाली. फ्रेंचांशी लढायला म्हणून विलायतेहून आलेली माणसं त्या वेळी मुंबईत होती. अॅडमिरल वॉटसनचं राजाचं आरमार आणि कर्नल रॉबर्ट क्लाइव्हचं सैन्य. फ्रेंचांशी तात्पुरता समझोता झाला आणि ही सगळी मंडळी बेंचवर आली. आयटीवाल्यांना वेगळं सांगायला नको, बेंचवरच्या महागड्या रिसोर्सेसना कुठल्या तरी प्रोजेक्टवर टाकावंच लागतं. मुंबई सोडायच्या आधीच या लोकांनी बैठक घेऊन लुटीची वाटणी ठरवली. कुणाचा किती टक्के हिस्सा, सगळं. आणि पार्टनरला, म्हणजे मराठ्यांना, त्यात काही द्यायचं नाही, हेही तेव्हाच ठरलं.

११ फेब्रुवारी १७५६ ला ताफा विजयदुर्गसमोर आला. आणि इथे ती गोष्ट घडते, जिच्यामुळे मला या किल्ल्यावर गेलं की चैन पडत नाही.

तुळाजी किल्ल्यात नव्हताच.

जमिनीच्या बाजूने पेशव्यांची फौज येऊन थांबली होती, आणि तुळाजी किल्ला भावाच्या हवाली करून तडजोडीची बोलणी करायला त्यांच्या छावणीत गेला होता. म्हणजे ज्या माणसाने इतकी वर्षं मान वाकवली नाही तो शेवटी वाकायला तयार झाला होता. बोलणी पुरी झाली असती तर किल्ला, तोफा, खजिना आणि मुख्य म्हणजे अख्खं आरमार गोळी न झाडता पेशव्यांकडे आलं असतं. इंग्रजांना हे कळलं. कळल्यावर त्यांनी काय करावं? थांबावं? मग लुटीचं काय? त्यांनी घाई केली.

१२ फेब्रुवारीची दुपार. वॉटसनची जहाजं खाडीच्या तोंडात शिरली. तिथे आंग्र्यांची सगळी गुराबं आणि गलबतं किल्ल्याच्या आडोशाला एकमेकांना खेटून, बांधून ठेवलेली होती. ज्या आरमाराची सगळी ताकद चपळपणात, ते पार्किंगमध्ये लावलेल्या गाड्यांसारखं दाटीवाटीने उभं. तोफांची सरबत्ती सुरू झाली. थोड्याच वेळात एक पेटता गोळा येऊन पडला तो नेमका 'रिस्टोरेशन'वर. इंग्रजांकडून जिंकलेलं तेच जहाज! ते पेटलं, त्याच्यावरून शेजारचं, त्याच्यावरून पुढचं. संध्याकाळपर्यंत सगळं आरमार जळून गेलं. कान्होजींपासूनची दोन पिढ्यांची कमाई, एका दुपारी.

रात्री क्लाइव्ह सैन्य घेऊन जमिनीवर उतरला. कुठे? किल्ला आणि मराठ्यांची छावणी यांच्या बरोबर मध्ये. किल्ल्यातले लोक पळू नयेत म्हणून नव्हे, तर दोस्त मराठे आत शिरू नयेत म्हणून. दुसऱ्या दिवशी, १३ तारखेला, किल्ला पडला. इंग्रजांचे मेलेले आणि जखमी मिळून वीसेक. हाती लागलं, अडीचशे तोफा आणि सुमारे दहा लाख रुपयांचा ऐवज. सगळा मुंबईत ठरलेल्या टक्क्यांनी वाटला गेला. 'अजिंक्य' किल्ल्याचा जमाखर्च हा असा.

त्या आरमारावर आइव्ह्ज नावाचा एक सर्जन होता. त्याने लिहून ठेवलेला एक प्रसंग आहे. किल्ल्यात तुळाजीची आई, बायका आणि मुलं सापडली. वॉटसन त्यांना भेटायला गेला तेव्हा म्हातारी रडत म्हणाली की आता माझा मुलगा नाही, या पोरींचा नवरा नाही, या लेकरांचा बाप नाही. वॉटसन म्हणाला, मीच यांचा बाप आणि मित्र. तर सहा वर्षांच्या धाकट्या मुलाने त्याचा हात धरला आणि म्हणाला, मग तुम्हीच माझे वडील. अॅडमिरलच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. असेलही. मला त्या पोराचं मात्र राहून राहून वाटतं. त्याचा खरा बाप मराठ्यांच्या कैदेत होता, जिवंत, आणि तो पुन्हा कधीच सुटला नाही. तुळाजीचं उरलेलं सगळं आयुष्य बंदिवासात गेलं.

तहाप्रमाणे किल्ला पेशव्यांचा. पण इंग्रज हलेनात. 'अहो, आमचं ठरलं होतं' असं पुण्याहून आठ महिने लिहून जात राहिलं. शेवटी १२ ऑक्टोबर १७५६ ला नवा तह झाला, इंग्रजांनी बाणकोट आणि दहा गावं पदरात पाडून घेतली आणि मग विजयदुर्ग सोडला. तोपर्यंत वॉटसन आणि क्लाइव्ह पुढच्या प्रोजेक्टवर निघूनही गेले होते. प्रोजेक्टचं नाव, बंगाल. २३ जून १७५७, प्लासी. विजयदुर्ग आणि प्लासी यांच्यात जेमतेम सोळा महिन्यांचं अंतर आहे. शाळेत आपल्याला या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या धड्यांत शिकवल्या, त्यामुळे ते कधी लक्षातच येत नाही.

नानासाहेबांना सरसकट व्हिलन करणं सोपं आहे आणि नेटवर ते रोज चालतं. मला ते पटत नाही. तुळाजी खरोखर कुणाला जुमानत नव्हता, त्याचा त्रास फक्त इंग्रजांना नव्हता, आपल्याकडच्या व्यापाऱ्यांना आणि संस्थानिकांनाही होता. त्याला आवर घालणं हे पेशव्यांचं कामच होतं. पण समुद्रावर आपलं आरमार सोडलं तर इंग्रजांना रोखणारं दुसरं कुणी नाही, हे पुण्याला त्या क्षणी दिसलं नाही. घाटावर बसून समुद्र दिसत नाही, हेच खरं असावं. महाराजांना तो रायगडावरून दिसला होता.

विजयदुर्ग त्यानंतर संपला असंही नाही. पेशव्यांनी इथे स्वतःचं आरमार उभं केलं. त्याचे सुभेदार आनंदराव धुळप मोठे कर्तबगार. ८ एप्रिल १७८३ ला त्यांनी 'रेंजर' हे इंग्रजी जहाज जबर लढाई करून पकडलं आणि विजयदुर्गला आणलं. पण सालबाईचा तह आधीच झाला होता, त्यामुळे जहाज परत द्यावं लागलं! जिंकलेलं परत द्या, हा तेव्हाचा फॉरमॅटच दिसतो. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि त्याच वर्षी विजयदुर्गही इंग्रजांकडे गेला. या वेळी आरमार जाळायची वेळच आली नाही.

त्यानंतर किल्ल्याला काम उरलं नाही. लष्करी किल्ल्याचा शेवट तोफेने होतो असं आपल्याला वाटतं. खरं तर तो होतो पगार बंद झाल्यावर. शिबंदी गेली, कोठारं रिकामी झाली, तटावर पिंपळ रुजला. बंदर मात्र पुढेही जागं होतं, मुंबईहून निघालेल्या आगबोटी इथे थांबायच्या. तुमच्या आजीला विचारा, डेकवरच्या ओकाऱ्या आणि पडावातून उतरण्याची थरारक वर्णनं मिळतील. मग रस्ते आले, एसटी आली, बोट बंद पडली आणि बंदरही पेंगायला लागलं.

किल्ल्यात आणखी एक गोष्ट हमखास दाखवतात, साहेबाचे कट्टे. आम्हाला भेटलेल्या काकांनी हात करून सांगितलं, 'हयसरच बसान साहेब सूर्य बघीत होतो. हेलियम हय गावला!' तो साहेब म्हणजे नॉर्मन लॉकियर, आणि साल सांगतात १८६८. आता यातलं अर्धं बरोबर आहे. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण भारतातून दिसलं, त्या वेळच्या निरीक्षणांतूनच हेलियमच्या शोधाची सुरुवात झाली. पण तेव्हा फ्रेंच जान्सन गुंटूरला होता आणि लॉकियर विलायतेत. त्याने हेलियमची ती पिवळी रेषा ऑक्टोबरमध्ये लंडनहून बघितली. मग कट्टे खोटे? अजिबात नाही. लॉकियर विजयदुर्गला खरंच आला होता, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला, दुर्बिणी आणि 'मेल्पोमिनी' या युद्धनौकेचे खलाशी घेऊन. लोकांनी साहेब बरोबर लक्षात ठेवला, साल तेवढं तीस वर्षं मागे सरकलं. काकांना मी हे सांगितलं नाही. उन्हात उभं राहून ते इतक्या प्रेमाने दाखवत होते.

तट मात्र दमलाय. ऑगस्ट २०२० च्या पावसात समुद्राकडच्या तटबंदीचा एक भाग ढासळला, तेव्हा बातम्या झाल्या, पत्रं गेली. किल्ला पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. आता युनेस्कोचं नाव लागल्यावर पाट्या येतील, तिकिटाची खिडकी येईल, सेल्फी पॉइंट तर नक्कीच येईल. माझी मागणी साधी आहे. एक पाटी खाडीच्या बाजूच्या तटावरही लावा, जिथून ती जळालेली जहाजं दिसली असती. तिथे आज काहीच लिहिलेलं नाही. लोक तिथे पाठ करून फोटो काढतात, बॅकग्राउंडला पाणी छान येतं म्हणून.

जायचं असेल तर ऑक्टोबरनंतर जा. रेल्वेने कणकवली किंवा राजापूर रोडला उतरा आणि पुढे एसटी. किल्ल्याला निदान तीन तास द्या, दुपारी वर फिरू नका, सावली नाही. गिर्येचं रामेश्वर मंदिर चुकवू नका, खडक कापून केलेल्या वाटेने खाली उतरावं लागतं. आणि गोदी बघायची तर भरती-ओहोटीची वेळ गावात आधी विचारून घ्या. भरतीला गेलात तर नुसतं पाणीच दिसेल.